आठ पायांच्या बाई

"मराठी विभागासाठी काहीतरी लिही," असं संपादक मंडळातल्या मैत्रिणीने सांगितलं तेव्हा आधी मला हसूच आलं. मी कॉन्व्हेंटची. दहावीपर्यंत मराठी म्हणजे 'सेकंड लँग्वेज'चा पेपर, आणि ऱ्हस्व-दीर्घ म्हणजे माझ्यासाठी लॉटरी. पण विषय सुचला तो मात्र इंग्लिशमध्ये लिहिता येईना. खरी भीती वाटली की मी "ओह गॉड" ओरडत नाही, "आई गं" ओरडते. तेव्हा भीतीवरचा लेख मराठीतच! चुका पोटात घाला.

तर मित्रमैत्रिणींनो, मला कोळ्याची भीती वाटते. म्हणजे वाटायची. आता किती वाटते ते शेवटी सांगते. 'ईऽऽ कोळी' असं म्हणून पलंगावर चढण्याएवढी साधी भीती नव्हती ती. छातीत धडधड, हाताला घाम, आणि ज्या खोलीत कोळी दिसला त्या खोलीत दोन दिवस पाऊल नाही. हॉस्टेलला आल्यावर पहिले दोन महिने मी आंघोळीला जाताना टॉर्च घेऊन बाथरूमचे चारही कोपरे तपासत असे. विंगमधल्या मुली त्याला 'इन्स्पेक्शन' म्हणत.

ही भीती आली कुठून? माहीत नाही. कॉन्व्हेंटमध्ये पहिल्यांदा शिकवली ती कविताच शेजारी कोळी येऊन बसल्यावर पळून जाणाऱ्या मुलीची! नंतर कधीतरी राजा ब्रूस आणि त्याच्या चिकाटीच्या कोळ्याची गोष्ट शिकवली, पण तोपर्यंत उशीर झाला होता. आजीच्या गावी गेलं की आणखी एक भर. आजी कोळ्याला 'कांतीण' म्हणते. अंगावर फोड उठले की तिचं निदान ठरलेलं, "रात्री अंगावर कोळी फिरला असणार." (पावसाळ्यात असे लाल चट्टे उठतात तेव्हा पुष्कळदा गुन्हेगार असतो तो ट्यूबलाइटवर येणारा पेडेरस नावाचा काळा-केशरी किडा. तो अंगावर चिरडला की त्यातल्या द्रवाने कातडी भाजते. कोळी बिचारा उगीच बदनाम! हॉस्टेलकरांनी हे लक्षात ठेवा, किडा अंगावर बसला तर चिरडू नका, फुंकर मारा.)

असो. आता मुद्द्याची आणि थोडी लाजेची गोष्ट.

सेकंड इयरला ड्रॉइंग हॉलमध्ये कोणीतरी माझ्या शीटच्या नळीत रबराचा कोळी टाकला. मी शीट बाहेर काढली, तो हातावर पडला, मी किंचाळले, स्टूल उलटलं, आणि सगळा हॉल हसला. मीसुद्धा हसले. दुसरं काय करणार? पण त्या दिवसापासून भीती दुप्पट झाली. नळी उघडायची भीती, ड्रॉवर उघडायची भीती, बुटात पाय घालायची भीती. त्यानंतर महिनाभराने आमचा सर्व्हे कॅम्प होता. आम्ही सिव्हिलवाले. कॅम्प म्हणजे दहा दिवस माळरान, झुडपं, ऊन आणि हातात स्टाफ. सीनियर्सनी आधीच सांगून ठेवलं होतं, "झुडपात असली मोठी जाळी असतात बघ!" मी त्या रात्री झोपले नाही. सकाळी घरी फोन केला, आणि चार दिवसांनी मेडिकल सर्टिफिकेट दिलं. त्यावर 'व्हायरल फीव्हर' लिहिलं होतं.

फीव्हर नव्हता. कोळी होता.

हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. आमच्या सर्व्हेच्या सरांनी हा लेख वाचला तर त्यांना कळेलच. सर, सॉरी. टर्मवर्क राहिलं आणि पुढच्या वर्षी ज्युनियर्सबरोबर कॅम्प करायचा असं ठरलं, ते अगदी योग्यच झालं.

त्याच उन्हाळ्यात मी ह्यूस्टनला मावशीकडे गेले. मावसभावाच्या खोलीत एक काचेची पेटी होती आणि पेटीत ठकी होती. ठकी हे मावशीने ठेवलेलं नाव. ठकी म्हणजे मेक्सिकन रेड नी जातीची टॅरँटुला. काळं अंग, गुडघ्यांवर केशरी पट्टे, आणि पाय पसरले तर माझ्या तळहाताएवढी. मी दारातून पाहिलं आणि मावशीला सांगितलं की मी हॉलमध्ये सोफ्यावर झोपते.

आठवड्याने दादाला कंपनीच्या ट्रेनिंगसाठी तीन आठवडे बाहेरगावी जायचं होतं. मावशी म्हणाली, "मी नाव ठेवलं, पण हात लावणार नाही." काका दिवसभर ऑफिसात. दादाने माझ्याकडे बघितलं. "पाणी बदलायचं आणि आठवड्यातून एकदा क्रिकेट टाकायचा, बस." (क्रिकेट म्हणजे रातकिडा. खेळ नव्हे!) मी 'नाही' म्हणणारच होते. पण ते सर्टिफिकेट आठवलं. म्हटलं, खोटा ताप आणून पळून जायचं ते एकदाच बास.

आपण इंजिनियर. काम सुरू करण्याआधी थोडा लिटरेचर सर्व्हे करावा! १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या छोट्या मुलाची भीती घालवली. ससा पिंजऱ्यात ठेवून, पीटर काहीतरी आवडीचं खात असताना, तो थोडा थोडा जवळ आणत गेल्या. पुढे १९८९ मध्ये स्वीडनच्या लार्स-योरान ऑस्ट यांनी एकाच बैठकीत, जास्तीत जास्त तीन तासांत, अशा भीतीवर उपचार करायची पद्धत मांडली. सगळ्यांचं सार एकच. पळालं की त्या क्षणी बरं वाटतं, पण भीती वाढते, कारण 'पळालो म्हणून वाचलो' असं मेंदू शिकतो. थांबलं की भीती आधी वर चढते आणि मग आपोआप उतरते. तेव्हा मेंदू दुसरं काहीतरी शिकतो.

मग मी टेप आणि वही घेतली. अगदी आपल्या फील्ड बुकसारखे कॉलम आखले. अंतर, वेळ, भीती (शंभरपैकी), शेरा. पहिलं रीडिंग दारातून, बारा फूट, भीती नव्वद. खुर्ची टाकून बसले. वीस मिनिटांनी साठ. दुसऱ्या दिवशी आठ फूट, ऐंशीवरून पन्नास. मग पाच फूट. ठरवलं होतं की भीती निम्म्यावर आल्याशिवाय खुर्ची पुढे सरकवायची नाही आणि मागेही न्यायची नाही. लेव्हलिंगमध्ये रीडिंग खोटं लिहिलं तर शेवटी चेक जुळत नाही. इथेही तेच. एके दिवशी उगाच शूरपणा करून एकदम दोन फुटांवर गेले, तर भीती पंच्याण्णव! परत पाच फुटांवर यावं लागलं.

बसल्या बसल्या दुसरं काय करणार, मी तिच्याकडे बघायला लागले. आणि वाचायलाही. पहिला धक्का म्हणजे ठकीला मी दिसतच नव्हते! टॅरँटुलाला डोळे आठ, पण नजर फार अधू. तिला जग कळतं ते अंगावरच्या केसांतून आणि जमिनीच्या कंपनांतून. दुसरा धक्का म्हणजे घाबरायचं कारण माझ्यापेक्षा तिलाच जास्त. टॅरँटुला दोनेक फुटांवरून पडली तरी पोट फुटून मरू शकते. म्हणून तिची पेटी उंच नसते, पसरट असते. अमेरिका खंडातल्या बऱ्याचशा टॅरँटुलांचं विष माणसासाठी सौम्य असतं. त्यांचं खरं हत्यार म्हणजे पोटावरचे खाजरे केस. चिडली की मागच्या पायांनी ते उडवते, डोळ्यात गेले तर वाईट. म्हणून दादाने बजावून ठेवलं होतं, उघड्या पेटीवर तोंड नेऊ नकोस आणि नंतर हात धू.

आणि तिसरी गोष्ट, जी वाचून माझ्यातली इंजिनियर जागी झाली. कोळ्याच्या पायातल्या मोठ्या सांध्यांत पाय मुडपायचे स्नायू असतात, पण सरळ करायचे नसतातच! पाय सरळ होतो तो शरीरातल्या द्रवाचा दाब वाढवून. अगदी आपला हायड्रॉलिक जॅक. कोळी मेला की दाब जातो आणि पाय आत मुडपतात. मेलेला कोळी नेहमी पाय आवळून का पडलेला असतो, त्याचं उत्तर हे. ह्यूस्टनच्याच राइस युनिव्हर्सिटीतल्या मेकॅनिकलवाल्यांनी २०२२ मध्ये मेलेल्या कोळ्याला सिरिंज जोडून, हवा आत-बाहेर करून त्याचा चक्क ग्रिपर केला, आणि २०२३ मध्ये त्यांना इग नोबेल मिळालं. हसू नका मेकॅनिकलवाल्यांनो, तुमच्याच ब्रँचचं होतं ते!

दुसऱ्या आठवड्यात मी दोन फुटांवर पोचले होते. त्याच सुमाराला ठकीने खाणं सोडलं. टाकलेला रातकिडा तिच्यासमोरून फिरत होता आणि ती ढिम्म. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. आणि एका सकाळी बघते तर ठकी उताणी पडलेली! आठही पाय वर. हलत नव्हती.

खरं सांगते, मला रडू आलं. जिच्या भीतीने सोफ्यावर झोपले, ती मेली म्हणून मी रडत होते. दादाला फोन लावला. तो अगदी शांतपणे म्हणाला, "पाय आत मुडपलेत का पसरलेत?"

ते बघायला जवळ जावं लागणार होतं. गेले. काचेला नाक लागेल एवढी जवळ.

"पसरलेत."

"मग मेली नाही. कात टाकते आहे. क्रिकेट आत आहे का अजून? असेल तर काढ. आत्ता तिचं अंग मऊ असतं, तो तिला कुरतडू शकतो."

म्हणजे झाकण उघडायचं होतं. मी हाताला रुमाल गुंडाळला, दादाचा लांब चिमटा घेतला आणि झाकण उघडलं. रातकिडा तिच्या डोक्यापासून दोन इंचांवर होता. पहिल्या खेपेला सुटला. दुसऱ्या खेपेला सापडला. झाकण लावलं. मग जमिनीवर बसले आणि कितीतरी वेळ बसूनच राहिले. त्या दिवशी वहीत भीतीच्या कॉलममध्ये काही लिहिलंच नाही. बघायचं सुचलंच नव्हतं.

दुपारपर्यंत पेटीत दोन ठक्या होत्या. एक रिकामी, केस, नखं, सुळे सगळ्यांसकट, जशीच्या तशी. आणि दुसरी तिच्या शेजारी, ओलसर, चकचकीत, नवीकोरी. कात टाकणे हा वाक्प्रचार मराठीच्या पेपरात मी वाक्यात उपयोग करून लिहिला होता. मार्कही मिळाले होते. अर्थ त्या दुपारी कळला.

तुम्ही म्हणाल, वा! मग आता हॉस्टेलवर एक टॅरँटुला आणूया! इथेच मला माझं मत मांडायचं आहे, आणि ते 'नाही' असं आहे.

एक म्हणजे कायदा. रेड नी इतक्या मोठ्या प्रमाणावर जंगलातून पकडून विकली जात होती, की तिचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९८५ पासूनच 'साइट्स' या कराराखाली आहे. आपल्याकडे २०२२ मध्ये वन्यजीव कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून या करारातले परदेशी प्राणी बाळगायचे तर रीतसर नोंदणी लागते. तरी चोरटा धंदा चालतोच. जुलै २०२१ मध्ये चेन्नईच्या कस्टम्सने पोलंडहून आलेलं एक पार्सल उघडलं, तर आत छोट्या छोट्या कुप्यांमध्ये १०७ जिवंत कोळी! दादाची ठकी तिथल्याच ब्रीडरकडे जन्मलेली, बिलासकट घेतलेली. इथे कोणी 'कुरियरने पाठवतो' म्हणाला तर ते पार्सल कुठून कसं आलं असेल, याचा विचार करा.

दुसरं म्हणजे आपल्याच मातीतल्या टॅरँटुला. हो, आहेत! सह्याद्रीत आहेत, जमिनीत आणि दरडींमध्ये बिळं करून राहतात. आंध्रात तर एक संपूर्ण निळी जात आहे. १८९९ मध्ये पोकॉक नावाच्या शास्त्रज्ञाने तिचं पहिलं वर्णन केलं, गुत्तीच्या रेल्वेच्या लाकूड-वखारीत सापडलेल्या एका नमुन्यावरून. ती आज अगदी नामशेष व्हायच्या बेतात आहे. जंगल तुटतंय, आणि वर तिच्या रंगावर भाळलेले शौकीन आहेत. २०१९ मध्ये तिच्या सगळ्या गोत्राचा व्यापार साइट्सखाली आला. या आशियाई टॅरँटुला चपळ, आणि चावल्या तर स्नायूंना जबर पेटके येतात. ट्रेकला गेल्यावर बिळात काडी घालायचा उद्योग करू नका, तिच्यासाठीही आणि तुमच्यासाठीही.

आणि तिसरं, मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. रेड नीची मादी वीस-वीस वर्षांहून जास्त जगते. आपली डिग्री चार वर्षांची. (केटी धरून पाच!) माझी भीती दोन महिन्यांत कमी झाली. मी ठकीला औषध म्हणून विकत घेतलं असतं, तर उरलेल्या अठरा-वीस वर्षांचं काय? बरं वाटल्यावर आपण क्रोसिनची स्ट्रिप ड्रॉवरात टाकून देतो. जिवंत प्राण्याचं तसं करता येत नाही. दादाला ठकी आवडते म्हणून त्याने ती पाळली. मला भीती घालवायची होती. ही दोन वेगळी कारणं आहेत, आणि दुसरं कारण प्राणी पाळायला पुरेसं नाही.

मग भीती घालवायची कशी? त्याला ठकी लागत नाही, कोळी लागतो. आणि तो आपल्या हॉस्टेलमध्ये फुकट आहे! बाथरूममध्ये भिंतीला चिकटून बसलेला तो मोठा, चपटा, तपकिरी कोळी आठवा. तो शिकारीसाठी जाळं विणत नाही. रात्री हिंडून झुरळं खातो. मेसच्या मागे झुरळं किती आहेत हे मी वेगळं सांगायला नको. त्याच्या पोटाखाली कधी पांढरी चपटी चकती दिसली तर ती अंड्यांची पिशवी, म्हणजे ती आई आहे. खिडकीत उड्या मारणारा चिमुकला कोळी तर समोर बोट नेलं की मान वळवल्यासारखा आपल्याकडे बघतो. त्याची नजर मात्र तेज असते हं! ज्याला भीती वाटते त्याने त्याच्यापासून सुरुवात करावी. खुर्ची, वही आणि स्वतःच ठरवलेलं अंतर, एवढंच लागतं. भीती फारच जबर असेल, त्यामुळे परीक्षा, कॅम्प, झोप बुडत असेल, तर सरळ मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. त्यात लाज कसली? मी सर्टिफिकेट आणायला डॉक्टरकडे गेलेच होते. तेव्हा खरं सांगितलं असतं, तर एक वर्ष वाचलं असतं.

आणि ज्याला भीती वाटत नाही त्याच्यासाठीही एक गोष्ट. कृपा करून कोणाच्या नळीत काही टाकू नका. "अगं, अंगावर टाकलं की भीती जाते," असं मला तेव्हा ऐकवलं होतं. जात नाही. वाढते. स्वतःच्या हाताने उघडलेलं झाकण आणि दुसऱ्याने अंगावर फेकलेला कोळी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात दोरी आपल्या हातात असते. कोळ्याच्या जागी पाणी, उंची, अंधार, स्टेज, व्हायवा काहीही घाला, गणित तेच राहतं. हसणाऱ्यांना ती गोष्ट दुसऱ्या दिवशी आठवतही नाही. ज्याच्यावर हसलं जातं, तो मात्र खोटं सर्टिफिकेट आणतो.

या जानेवारीत मी ज्युनियर्सबरोबर कॅम्पला गेले. तिसऱ्या दिवशी दोन झुडपांच्या मधोमध एक भलंमोठं जाळं आणि जाळ्यात पांढऱ्या नागमोडी फुलीवर पाय जोडून बसलेली कोळीण, नेमकी आमच्या लाइन ऑफ साइटमध्ये! एक ज्युनियर रेंजिंग रॉड उगारून पुढे झाला. मी म्हटलं, "थांब." छाती धडधडत होती. जाळ्याचा एका बाजूचा धागा रॉडवर घेतला, हळूच दुसऱ्या झुडपावर नेला, ती धागा धरून तिकडे निघून गेली. मग स्टाफ घेऊन उभी राहिले. रीडिंग घेणारा ओरडला, "मॅडम, स्टाफ हलतोय!" हलत होता खरा.

म्हणजे भीती अजून आहे. तुम्हाला आकडा हवा असेल तर तीस-पस्तीस. टॉर्च घेऊन इन्स्पेक्शन बंद झालं आहे, पण पहाटे बाथरूममध्ये तो मोठा अचानक दिसला की अजूनही "आई गं" निघतं. फरक एवढाच की आता मी दात घासून मगच बाहेर येते.

शेवटी वॉर्डन मॅडमना एक विनंती. प्रत्येक विंगमध्ये एक रुंद तोंडाची प्लास्टिकची पारदर्शक बरणी आणि एक जाड पुठ्ठा ठेवायची परवानगी द्या. कोळी दिसला की वर बरणी, खालून पुठ्ठा, आणि बाहेर झाडाखाली. झाडू नको, स्प्रे नको. आमच्या झाडूवाल्या मावशींना मी हे करून दाखवलं आहे. त्या म्हणाल्या, "तू होय? टॉर्चवाली?"

बरणीचा खर्च मी करते. एका सर्टिफिकेटला मला त्याहून जास्त पैसे पडले होते.